हॉटेलवाला विकतो काय?

वसंत व्याख्यानमालेत कायद्यावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राज्यघटना, मूलभूत हक्क, संसद आणि न्यायसंस्था यांचे संबंध असे भारदस्त विषय उभे राहतात. मला आज आपणांस त्याहून पुष्कळ लहान जागी न्यावयाचे आहे. नांदेडच्या वजिराबादेतील किंवा लातूरच्या गंजगोलाईतील एखाद्या साध्या हॉटेलच्या टेबलाशी आपण बसलो आहोत अशी कल्पना करा. समोर सुशीला आहे, बाजूला पाण्याचा पेला आहे, मागाहून कपबशी येते. आपण खातो, पितो, गल्ल्यावर पैसे देतो आणि बाहेर पडतो. या पंधरा मिनिटांत कायद्याच्या दृष्टीने नेमके काय घडले? हॉटेलवाल्याने आपणांस एक वस्तू विकली, की आपली सेवा केली? ज्या खोलीत हे घडले ती खोली त्याने किरायाने घेतली आहे, की त्या खोलीत चाललेला दुसऱ्याचा धंदा त्याने चालवावयास घेतला आहे?

प्रश्न पोरकट वाटतात. परंतु पहिल्या प्रश्नापायी आपल्या देशाची राज्यघटना दुरुस्त करावी लागली, आणि दुसऱ्या प्रश्नापायी कित्येक चालत्या हॉटेलांना कुलूप लागले आहे. हॉटेलांचे खटले वरवर पाहता नाना प्रकारचे दिसतात. कोणी भाड्याचा, कोणी कराचा, कोणी पाण्याच्या बाटलीच्या किमतीचा. मुळाशी गेले की वाद बहुधा एकच निघतो: देणाऱ्याने दिले काय, आणि त्याला कायद्याने कोणते नाव द्यावयाचे? एकदा नाव ठरले की भाडे, कर, शिक्षा, सारे त्यामागून येते. व्यापारी मंडळी नावाकडे दुर्लक्ष करतात आणि रकमेकडे पाहतात, हे माझ्या मते त्यांच्या पुष्कळशा अडचणींचे कारण आहे.

आपल्या भाषेनेही या गोंधळात थोडी भर घातली आहे. इंग्रजीत हॉटेल म्हणजे उतरण्याची जागा. आपण मात्र चहाभज्याच्या दुकानाला हॉटेल म्हणतो, जेवणाच्या ठिकाणाला खानावळ, रस्त्यावरच्याला ढाबा आणि मुक्कामाच्या जागेला लॉज. एकाच शब्दाखाली कायद्याची दोन-तीन निरनिराळी नाती दडून बसतात, ती अशी.

आधी जागेचा प्रश्न घेऊ, कारण मराठवाड्यात त्याला स्वतःचा इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. त्यानंतर हैदराबाद हे भारतातील एक राज्य झाले, आणि त्या राज्याच्या विधिमंडळाने १९५४ साली घरभाडे, निष्कासन व पट्टा यांचे नियंत्रण करणारा कायदा केला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पण हा हैदराबादी कायदा जागचा हलला नाही. पुण्या-मुंबईस १९४७ चा मुंबई भाडे कायदा, विदर्भास मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४६ चा कायदा व १९४९ चा आदेश, आणि आपणांस हैदराबादचा १९५४ चा कायदा, अशा तीन चुली एकाच राज्यात चाळीस वर्षे पेटत राहिल्या. पुण्यातील दुकानदाराला घरमालक दिवाणी न्यायालयात खेची, तर नांदेडच्या दुकानदाराविरुद्धचा अर्ज भाडे-नियंत्रकापुढे चाले. पुण्याच्या वकिलाचा सल्ला घेऊन लातुरात वागणारा माणूस फसे तो यामुळे.

या जुन्या कायद्यांचे मूळ महायुद्धाच्या व फाळणीच्या काळातील घरटंचाईत होते. भाडे गोठवले तर सामान्य माणूस तगेल, ही भूमिका त्या वेळी रास्त होती. पण गोठलेले भाडे वितळलेच नाही. मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे स्पष्ट सांगितले. कायदा लगेच रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपत आली होती आणि नवा कायदा होऊ घातला होता. तो नवा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २०००पासून अमलात आला आणि त्याने वर सांगितलेले तिन्ही कायदे एकाच कलमाने रद्द केले. भाड्याच्या बाबतीत मराठवाडा महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने त्या दिवशी सामील झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

या कायद्यातील चार गोष्टी दुकानदाराने पाठ कराव्या अशा आहेत. भाडेकरू भाडे देत आहे आणि अटी पाळत आहे तोवर घरमालकाला केवळ मनात आले म्हणून त्याला काढता येत नाही. भाडे थकले तरी आधी नोटीस द्यावी लागते, नव्वद दिवस थांबावे लागते, आणि दावा लागल्यानंतरही समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी, त्यावर दरसाल पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला तर जागा वाचू शकते. घरमालकाला दरसाल चार टक्के भाडेवाढ मिळते. आणि भाडेकरार लेखी असला पाहिजे, नोंदवलेला असला पाहिजे. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदला नाही तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. आपल्याकडे अजूनही वहीच्या पानावर किंवा नुसत्या शब्दावर दुकाने दिली जातात. शब्दाला जागणारा घरमालक आणि शब्दाला जागणारा भाडेकरू जिवंत आहेत तोवर सारे ठीक चालते. खटला उभा राहतो तो बहुधा त्यांच्या मुलांमध्ये.

याच कायद्यात काही कारणे अशी आहेत की ज्यांमुळे भाडे देणाऱ्यालाही जागा सोडावी लागते. घरमालकाची खरी व वाजवी गरज हे एक. सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा बंद ठेवणे हे दुसरे. लेखी परवानगीवाचून पक्के बांधकाम करणे हे तिसरे. भट्टीसाठी भिंत फोडणाऱ्या हॉटेलवाल्यांनी ते लक्षात ठेवावे. परंतु हॉटेलच्या धंद्यात सर्वांत घातक ठरलेले कारण आहे पोटभाड्याचे, आणि इथेच आपला मूळ प्रश्न येतो.

समजा, एका गृहस्थाने तीस वर्षांपूर्वी गोलाईत जागा किरायाने घेतली, हॉटेल थाटले, नाव कमावले. आता गुडघे दुखतात, मुलगा पुण्यास नोकरीला आहे. तो आपल्या जुन्या आचाऱ्याला म्हणतो, "तूच चालव. महिन्याला मला इतके दे." यालाच आपण हॉटेल चालवावयास देणे म्हणतो. त्या गृहस्थाच्या मनात पाप नाही. पण त्याने आचाऱ्याला दिले काय? धंदा दिला असेल, म्हणजे नाव, भांडी, टेबले, परवाने, उधारीची वही आणि गिऱ्हाईक, तर ते एक नाते झाले. जागा दिली असेल, म्हणजे चार भिंती, शटर आणि किल्ली, तर ते पोटभाडे झाले, आणि मूळ घरमालकाला दोघांनाही बाहेर काढण्याचा हक्क आला. १९९९ च्या कायद्याने 'परवानाधारक' कोणास म्हणावे हे सांगताना, मालकाचा चालू धंदा चालविणारा माणूस त्या शब्दातून स्पष्टपणे वगळला आहे. धंदा चालविणे आणि जागा वापरणे यांतील ही रेघ कायद्यानेच ओढली आहे.

रेघ ओढणे सोपे. माणूस तिच्या कोणत्या बाजूस उभा आहे हे ठरविणे अवघड. याबाबतीत आजही ज्याचा आधार घेतला जातो तो निकाल १९५९ सालचा आहे आणि तोही एका हॉटेलचाच आहे. असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या कंपनीच्या नवी दिल्लीतील इम्पीरियल हॉटेलात केशकर्तनाचा धंदा करणाऱ्या कपूर नावाच्या गृहस्थांना दोन खोल्या दिल्या होत्या. कागदावर लिहिले होते परवाना. गृहस्थ म्हणाले, मी भाडेकरू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने कागदाचे मथळे बाजूस सारले आणि विचारले की दोघांचा हेतू काय होता आणि जागेचा एकट्याचा ताबा कोणाकडे होता. ते पाहून त्यांनी भाडेपट्टा ठरविला. तेव्हापासून नियम हा की कागदावरचे नाव पुरेसे नाही, व्यवहाराचा पिंड पाहावयाचा.

म्हणूनच असा दावा लागला की न्यायालय मोठमोठे सिद्धांत पाहत नाही, बारीकसारीक गोष्टी पाहते. सकाळी शटर कोण उघडतो? रात्री गल्ला कोण मोजतो? वीजबिल कोणाच्या नावे येते? अन्न परवाना कोणाचा? पोरांचे पगार कोण देतो? तोटा आला तर कोणाच्या अंगावर पडतो? जुना मालक महिन्यातून एकदा येऊन ठरलेली रक्कम घेऊन जात असेल आणि नफ्यातोट्याशी त्याला देणेघेणे नसेल, तर भागीदारीचा कितीही सुरेख दस्तऐवज त्याला वाचवत नाही. त्रयस्थ माणूस एकट्याने ताबा धरून बसला आहे इतके घरमालकाने दाखविले की तो कसा बसला हे सांगण्याची पाळी भाडेकरूची. हिशेबाच्या वह्या, बँकेचे खाते आणि परवान्यावरील नाव यांनी हा प्रश्न सुटतो, साक्षीदारांनी क्वचितच. ज्यांनी हॉटेल चालवावयास दिले असेल त्यांनी घरी जाऊन एवढे तरी पाहावे की वीज, कर आणि अन्न परवाना आजही कोणाच्या नावे आहे.

इमारतच पडली तर? हाही प्रश्न आपल्याकडचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपण विसरलेलो नाही. आणि नांदेडात २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानिमित्त शहराचे रूप पालटले तेव्हा रुंद होणाऱ्या रस्त्यांकडे दुकानदार कोणत्या नजरेने पाहतो हेही आपण जाणतो. फार दिवस समजूत अशी होती की इमारत गेली की भाडेपट्टाही गेला. २००१ च्या एका निकालाचा तिला आधार होता. सांगली-मिरज-कुपवड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीवरून शहा रतनसी खिमजी आणि कुंभार सन्स हॉटेल यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१४ साली तीन न्यायमूर्तींनी तो जुना निकाल फिरविला. भाड्याने दिलेल्या इमारतीत तिच्याखालची जमीनही येते. भिंती पडल्या म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप मरत नाही. जुन्या वाड्यातील दुकानदाराला हा निकाल ठाऊक नसला तर 'इमारत पडेपर्यंत थांबा' म्हणणाऱ्या घरमालकापुढे तो उगाच नमतो. मात्र जमीनच सरकारने रीतसर संपादित केली, तर गोष्ट निराळी.

जागेहून आता दाराकडे येऊ. खोली खाजगी, भांडी खाजगी, पैसा खाजगी. मग दार कोणाला उघडावयाचे हे मालकाने का ठरवू नये? 'प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे' अशी पाटी पुष्कळ ठिकाणी असते, तिच्यामागे हाच विचार आहे. आपल्या राज्यघटनेने त्याला १९५० सालीच उत्तर दिले. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घेऊन सांगितले आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथे जाण्यास अटकाव होणार नाही. इतर मूलभूत हक्क बहुतांशी सरकारविरुद्ध आहेत. हा हक्क चहावाल्याविरुद्ध आहे. घटनाकारांना भारतीय समाज किती नेमका ठाऊक होता याचा याहून चांगला दाखला मला आठवत नाही.

घटनेच्या पाठोपाठ १९५५ सालचा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ साली तो अधिक कडक करून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात प्रवेश हा एक हक्क आहे आणि लोकांच्या वापरासाठी ठेवलेली भांडी वापरणे हा दुसरा, निराळा हक्क आहे. हे दुसरे वाक्य कायद्यात का घालावे लागले हे खेड्यापाड्यांतील जुन्या माणसांना विचारा. आत घेतले, पण कप वेगळा दिला. बसू दिले, पण पेला स्वतःच विसळून ठेवावयास सांगितले. पळसाच्या पानात किंवा नारळाच्या करवंटीत चहा ओतणाऱ्याने दार उघडेच ठेवले होते. म्हणून कायद्याला कपबशीपर्यंत यावे लागले. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असा प्रकार घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावयाचे. दारू पिऊन दंगा करणाऱ्याला बाहेर काढण्याचा हक्क मालकास आहे आणि असावा. पण पाटीवरचे 'राखून ठेवला आहे' हे शब्द घटनेच्या वर नाहीत.

त्याच दाराने आणखी एक जण आत येतो, तो म्हणजे टेबल पुसणारा पोरगा. १० ऑक्टोबर २००६पासून चौदा वर्षांखालील मुलाला हॉटेल, ढाबा, चहाची टपरी येथे कामास ठेवण्यास बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्वच धंद्यांना लागू होऊन शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी झाली. स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात शाळेनंतर हात लावण्याची सवलत आहे. तिचा आधार घेऊन 'हा माझा भाचा' असे सांगणारे मालक प्रत्येक गावात आहेत. दुष्काळाच्या वर्षी शेत करपले की घरातील एक तोंड कमी व्हावे म्हणून पोर शहरातील हॉटेलात येते. मालक म्हणतो, मी त्याला जेवू तर घालतो. हे खरेही असते. कायद्याने त्या जेवणाला उपकार हे नाव दिलेले नाही, मजुरी हे दिले आहे.

दारूचे परवाने आणि त्यांचे खटले हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. तो मी मुद्दाम बाजूस ठेवतो. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको असे म्हटल्यावर लोकांनी फिते घेऊन अंतरे मोजली, आणि पुढच्या वर्षी छोट्या गावांना दोनशेवीस मीटरची व महापालिका-नगरपालिका हद्दींना आणखी सूट मिळाली, एवढे सांगून पुढे जातो.

आता ताटाकडे. विक्रीकर बसवावयाचा तर आधी विक्री झाली पाहिजे, आणि विक्री म्हणजे मोबदल्यात वस्तूची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. घटनेतील 'विक्री' या शब्दाचा अर्थ मालविक्रीच्या कायद्यातील तोच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली गॅनन डंकर्ले या बांधकाम कंपनीच्या खटल्यात ठरविले होते. त्याचा फायदा हॉटेलवाल्यांनी घेतला. १९७२ साली हिमाचल प्रदेश सरकार आणि तीच असोसिएटेड हॉटेल्स कंपनी यांच्या वादात न्यायालयाने सांगितले की हॉटेलात मुक्कामास असलेल्या पाहुण्याला दिलेले जेवण ही विक्री नव्हे. तो आतिथ्याचा एक भाग आहे. १९७८ साली नॉर्दर्न इंडिया केटरर्स यांच्या खटल्यात एक पाऊल पुढे पडले. मुक्कामाला नसलेले, नुसते जेवावयास आलेले गिऱ्हाईकदेखील वस्तू विकत घेत नाही, असा निर्णय झाला. विचार असा: ताटात पुऱ्या उरल्या तर त्या फडक्यात बांधून नेण्याचा हक्क गिऱ्हाइकास नाही. मालकी आली असती तर उरलेलेही त्याचे झाले असते. म्हणजे त्याने पोट भरून घेतले, वस्तू घेतली नाही.

कोणासही हसू यावे असा हा युक्तिवाद आहे, आणि तरीही तो निर्दोष आहे. मिठाईच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले तर ते आपले. ते घरी न्या, वाटा, गाईला घाला. तेच पेढे बशीत आले तर? निकालाने राज्य सरकारे हादरली. हॉटेलांवरील विक्रीकराचा पायाच गेला, आणि आधी भरलेल्या कराच्या परताव्याचे प्रश्न उभे राहिले. फेरविचाराच्या अर्जावर १९८० साली न्यायालयाने खुलासा केला की जेथे मुख्य हेतू अन्नपदार्थ विकण्याचाच आहे आणि सेवा नाममात्र आहे तेथे विक्री होऊ शकते. मग प्रत्येक हॉटेलात जाऊन मुख्य हेतू कोणी तपासावयाचा? शेवटी संसदेने छेचाळिसावी घटनादुरुस्ती केली. ती फेब्रुवारी १९८३ पासून अमलात आली. तिने म्हटले की सेवा म्हणून किंवा सेवेचा भाग म्हणून दिलेले अन्न व पेय यांचा पुरवठा ही विक्रीच मानावी. 'मानावी' हा शब्द महत्त्वाचा. जे नाही ते आहे असे कायदा म्हणू शकतो, फक्त ते त्याला उघडपणे म्हणावे लागते. १९९९ साली दामोदरसामी नायडू यांच्या प्रकरणात न्यायालयाने पुढची वाटही बंद केली: वाढण्याची, पंख्याची, गालिच्याची किंमत बिलातून वेगळी काढता येणार नाही.

वाटले, प्रश्न मिटला. पण २०११ साली केंद्र सरकारने वातानुकूलित आणि मद्य देणाऱ्या उपाहारगृहांवर सेवाकर बसविला, आणि २०१३ पासून सर्वच वातानुकूलित उपाहारगृहांवर. राज्य सरकार म्हणे ही विक्री, केंद्र म्हणे ही सेवा. एका ताटाचे दोन नावांनी दोन कर झाले. बिलाच्या चाळीस टक्क्यांवर सेवाकर आणि शिवाय राज्याचा मूल्यवर्धित कर. केरळ उच्च न्यायालयाने २०१३ साली हा सेवाकर घटनाबाह्य ठरविला, तर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली तो वैध ठरविला. नांदेडच्या हॉटेलवाल्याने उकाड्यावर उपाय म्हणून एका खोलीत थंड हवेचे यंत्र बसविले की तो नव्या कायद्याच्या कक्षेत गेला.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक छोटे वाक्य आहे: खाण्यापिण्याच्या वस्तूंचा असा पुरवठा सेवा समजला जाईल. १९७८ साली न्यायालयाने जे म्हटले होते तेथेच कायदा चाळीस वर्षांनी परत आला. मधल्या काळात घटना दुरुस्त झाली, किती वकिलांची घरे बांधून झाली हे निराळेच. आरंभी दर बारा आणि अठरा टक्के होते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून सामान्य उपाहारगृहांना, थंड हवा असो वा नसो, पाच टक्के झाला. मात्र हॉटेलवाल्याने आपल्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. दर उतरला आणि पुष्कळ ठिकाणी पदार्थांचे भाव चढले, ते याच वजावटीच्या नावाने.

या सगळ्या चर्चेत नांदेडकराला एक प्रश्न पडलाच पाहिजे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या लंगरात अहोरात्र पंगती उठतात, त्याचे काय? तेथे मोबदला नाही, म्हणून विक्रीही नाही आणि कर लागावा अशी सेवाही नाही. परंतु लंगरासाठी बाजारातून आणलेल्या तुपावर, तेलावर, साखरेवर कर भरावाच लागे. त्यावर बराच आवाज उठल्यानंतर केंद्राने २०१८ साली सेवा भोज योजना काढली आणि महिन्यास किमान पाच हजार लोकांना विनामूल्य जेवू घालणाऱ्या धार्मिक संस्थांना ठराविक जिनसांवरील केंद्रीय कर परत देण्याची सोय केली. करकायद्याच्या पोथीत 'सेवा' हा शब्द या एकाच ठिकाणी मला त्याच्या मूळच्या अर्थाने भेटला.

विक्री की सेवा, या भांडणाची शेपटी पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचते. बाटलीवर कमाल किंमत छापलेली असते. हॉटेल तिचे जास्त घेते. हे चूक नव्हे का? १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नव्हे. हॉटेलात माणूस केवळ बाटली घेण्यास जात नाही, तो बसण्याची जागा, वाढपी, भांडी यांचाही उपभोग घेतो. आधाराला पुन्हा तेच जुने निकाल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते, ते दिवस पाहिलेल्या माणसाला हा निकाल पचावयास जड जाईल, मलाही जड गेला. पण युक्तिवाद सुसंगत आहे. मात्र हॉटेलबाहेरच्या साध्या दुकानदाराला त्याचा आधार घेता येत नाही. तो केवळ विकतो.

बिलात 'सेवाशुल्क' म्हणून पाच-दहा टक्के आपोआप जोडण्याची मोठ्या शहरांतील पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. हा कर नव्हे. सरकारकडे त्यातील पैसाही जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते आपोआप लावू नये असे सांगितले, हॉटेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने प्राधिकरणाच्या सूचना उचलून धरल्या. ज्या वर्गाने चाळीस वर्षे 'आम्ही अन्न विकत नाही, सेवा देतो' असे न्यायालयांना पटविले, त्याने त्याच सेवेचे पैसे पुन्हा वेगळे मागावेत, ही गंमत न्यायमूर्तींच्या नजरेतून सुटली नसावी.

छोट्या हॉटेलासाठी कायद्याने एक सोपा मार्ग ठेवला आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल आणि मद्य दिले जात नसेल, तर उलाढालीवर एकरकमी पाच टक्के भरून मोकळे होता येते. याला आपसमेळ योजना म्हणतात. आपल्या गावांतील पुष्कळशा हॉटेलांस ती सोयीची आहे. तिची अट अशी की हा कर मालकाने आपल्या खिशातून भरावयाचा, गिऱ्हाइकाकडून वसूल करावयाचा नाही, आणि आपण या योजनेत आहोत हे दर्शनी पाटीवर लिहावयाचे. दारावरची पाटी मराठीत असावी म्हणून २०२२ साली दुकाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यावर व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावावयास सांगितले. त्या पाट्या आता वाचता येतात, तर त्यावरची बारीक ओळही वाचावी. आपसमेळातील हॉटेलच्या बिलावर कराचा आकडा वेगळा दिसला, तर तो भरण्याचे कारण नाही. तो आकडा तेथे लिहिण्याचा अधिकारच त्या हॉटेलास नाही.